तारप्याला दिवे नकोत

सातपूरच्या कारखान्यांच्या गेटांवर आमच्या संघटनेची जी पत्रकं वाटली जातात, त्यातली बहुतेक मी लिहिलेली असतात. कंत्राटी कामगाराला ओळखपत्र द्या, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधा, सुरक्षेचे बूट द्या आणि ते मापाचे द्या. मी कडक लिहिते. लोक कागद घेतात, कारण कोणी हात पुढे केला की माणूस घेतोच, आणि चार पावलांवर त्याच कागदाने गाडीची सीट पुसतो. एकदा गेटसमोरच्या टपरीवर मी भजी मागितली, तर ती माझ्याच पत्रकात गुंडाळून आली. 'बांधवांनो, आणखी किती दिवस गप्प बसणार' ही ओळ तेलामुळे मागच्या बाजूनेही वाचता येत होती. भजी चांगली होती. मी खाल्ली.

भाषण मला जमत नाही. तिसऱ्या वाक्याला माझा आवाज फाटतो आणि पाचव्याला लोक बसच्या दिशेने बघायला लागतात. आमच्या संघटनेच्या अध्यक्षांना लहानथोर सगळे मावशी म्हणतात. त्या बोलायला उभ्या राहिल्या की शिफ्ट सुटलेली माणसं डबे हातात धरून थांबतात. संघटनेच्या कलापथकातल्या पोरींना गळा आहे. ढोलकीवाल्याला हात आहे. माझ्याकडे दाखवण्यासारखं एकच होतं, दिवे.

मी एका वर्कशॉपमध्ये पॅनेल वायरिंग करते. म्हणजे लोखंडी कपाटात शेकडो वायरी ओळीने बसवायच्या, प्रत्येकीच्या टोकाला नंबराची नळी घालायची, आणि एकही चुकवायची नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून हे काम करते, त्याबद्दलचा संताप वेगळ्या पत्रकात लिहिला आहे. तर त्या डिप्लोमाच्या जोरावर मी कलापथकासाठी एक पेटी बनवली होती. गाण्याचा आवाज पेटीत शिरायचा आणि तीन वाटांनी बाहेर पडायचा. ढोलकीचा जाड आवाज लाल दिव्याला, गळ्याचा पिवळ्याला, झांजेचा बारीक खळखळाट निळ्याला. दिवे म्हणजे भंगारातल्या वायरिंगच्या पाइपांत चिकटवलेल्या एलईडीच्या पट्ट्या. उजेड टोचू नये, पसरावा, म्हणून वर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या ताणून बसवलेल्या. पहिली पेटी जळाली. दुसरी गाणं संपल्यावर पेटायची. ढोलकीवाला विचारायचा, "तुझे दिवे कामगार आयुक्तांच्या ऑफिसात नोकरीला होते का गं?"

तिसरी लागली. गेल्या वर्षीच्या मेळाव्यात पहिली थाप पडली आणि स्टेजमागची भिंत लाल झाली. पुढच्या रांगेतल्या बाया माना वळवून बघायला लागल्या, हे कोण करतंय. टेबलामागे मी होते. त्यांनी मला बघितलं आणि मी त्यांना बघताना बघितलं. दिव्यांमध्ये कोणाला भजी गुंडाळता येत नव्हती.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण माझं काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला नीट कळायला हवं. बाहेरून बघणाऱ्याला ती एक पेटी होती.

या वर्षी उन्हाळ्यात माझ्या खोलीत दुसरी मुलगी राहायला आली. हरसूलच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे, तिथली. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, दहावीनंतर शाळा सुटलेली, आमच्या शेजारच्या शेडमध्ये कॉइल गुंडाळायच्या कामाला लागलेली. केसाएवढी तांब्याची तार, आणि तिचे हजारभर वेढे, एकावर एक न चढता. मी एकदा जेवणाच्या सुट्टीत तिला बोलवायला गेले तर तिचे दोनशे वेढे राहिले होते. ती माझ्याशी बोलत बोलत गुंडाळत राहिली. दुकानात नवीन ड्रेस आलेत, मालकाला सर्दी झाली आहे, असलं काहीतरी. हात थांबला तेव्हा मी मीटरवर आकडा बघितला. बरोबर होता. मला बोलताना साधा चहा ढवळता येत नाही.

पहिले काही आठवडे मी तिच्यावर खूश होते. शिकवायला कोणीतरी मिळालं होतं. तिने पेटीबद्दल विचारलं तेव्हा मी वहीच्या पानावर आकृती काढून तासभर समजावलं. ती कागदाकडे बघतच नव्हती, उघड्या पेटीकडे बघत होती. मग तिने एका ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

"ताई, ह्यो लय तापतोय. ह्याला एकटा उभा नको ठेवू. पत्र्याला टेकव."

"बघू," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर मी तो पेटीच्या पत्र्याला स्क्रूने बसवला. पेटी गार राहिली. हे मी तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. मला मात्र तिने विचारायला हवं होतं असं वाटत राहिलं, म्हणजे मला खोटं बोलता आलं असतं.

मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा मावशींनी बैठकीत सांगितलं की आपल्या सभासदांत डोंगरातली इतकी माणसं आहेत, हरसूलची, पेठची, सुरगाण्याची, आणि स्टेजवर त्यांचं काहीच नसतं. या वर्षी तारपा ठेवायचा. माझ्या खोलीतल्या मुलीचे चुलते तारपा वाजवतात, ते चार नाचणारे घेऊन यायला तयार आहेत. माझं विचाराल तर मी टाळ्या वाजवल्या. माझ्या तीन पत्रकांत 'उपेक्षित' हा शब्द आहे.

एका रविवारी दुपारी समाजमंदिराच्या हॉलमध्ये तालीम ठेवली. खिडक्यांना जुने बॅनर लावून अंधार केला. काकांनी पिशवीतून तारपा काढला. वाळलेला लांबट भोपळा, खाली बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा. मी माइक भोंग्याजवळ लावला, पेटी चालू केली आणि म्हणाले, करा सुरू.

काकांनी फुंकर घातली आणि माझे तिन्ही दिवे लागले. लागले ते लागलेच. मी बटण जरा मागे फिरवलं, तिन्ही विझले. पुढे फिरवलं, तिन्ही पेटले. द्वारका चौकात सिग्नल अडकला की चारी बाजूंना एकच रंग दाखवतो आणि सगळे हॉर्न वाजवतात, तसं झालं. नाचणारे नाचत होते, काका वाजवत होते, आणि भिंत ट्यूबलाइट लावल्यासारखी ढिम्म उभी होती.

तारप्याचा आवाज तुटत नाही. वाजवणारा गालात हवा धरून ठेवतो, नाकाने श्वास घेतो आणि नळीत फुंकतच राहतो. ढोलकीच्या दोन थापांमध्ये रिकामी जागा असते, आणि माझी पेटी त्या रिकाम्या जागेवर जगत होती. इथे रिकामी जागाच नव्हती. हे मला आता कळतं. तेव्हा मी हात वर करून तालीम थांबवली.

"काका, जरा मध्ये मध्ये थांबत वाजवा ना. म्हणजे दिव्यांना कळेल."

काकांनी तोंडातली नळी काढली. "थांबू? आन् नाचणारे काय करतील, बाय? एक पाय वर धरून उभे राहतील?"

नाचणारे हसले. मावशी हसल्या. ढोलकीवाला तर खुर्चीवरून घसरला.

तेव्हा माझ्या खोलीतली ती मुलगी पुढे आली. "ताई, तू दिवे तारप्याला कशाला बांधले? नाचणारा काठी ऐकतो."

नाचणाऱ्यांच्या रांगेत जो पुढे असतो त्याच्या हातात एक काठी असते, घुंगरं लावलेली. तो ती जमिनीवर आपटत चालतो आणि तिच्या ठोक्यावर मागची रांग वळते. मी ती काठी बघितली होती. मला वाटलं होतं, शोभेची आहे.

तिने माझ्या भंगाराच्या डब्यातून एक मोडका बझर काढला, त्याच्या आतली पितळी चकती सोडवली, दोन वायरी जोडल्या आणि स्टेजच्या फळीखाली चिकटपट्टीने ती चकती चिकटवली. बझरला वीज दिली की चकती वाजते. उलट, चकतीला हादरा बसला की ती वीज देते. हे मला माहीत होतं. डिप्लोमात शिकवलं होतं, परीक्षेत आलं होतं आणि मला त्याचे पूर्ण गुण होते. सुचलं मात्र तिला.

"काका, वाजवा."

काठी फळीवर पडली आणि भिंत लाल झाली. पुन्हा पडली, पुन्हा लाल. आणि मधल्या वेळात नाचणाऱ्यांच्या अनवाणी पावलांचा दबका ठेका फळ्यांतून येत होता, तो पिवळ्यात थरथरत होता. वरून तो न तुटणारा तारपा. माझ्या ढोलकीला माझे दिवे नुसते उघडझाप करत. इथे भिंतच चालत होती. हे मी आज कबूल करते. तेव्हा मी खाली वाकून एका वायरीची गाठ सोडवत बसले, जी गाठ नव्हतीच.

मावशी म्हणाल्या, "हिच्या हातात काहीतरी आहे बाई." मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "या वर्षी दिवे हिच्याकडे देऊ. तू मदतीला राहा. तुला पत्रकांनाही वेळ मिळेल."

पेटी माझी. पट्ट्या माझ्या. दुधाच्या पिशव्या मी धुतलेल्या. आणि मी मदतीला.

आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही. माझं घर शेतकऱ्याचं. आमच्या द्राक्षांच्या बागेत छाटणीला हरसूल-पेठकडची माणसं यायची. महिनाभर बागेच्या कडेला पाल ठोकून राहायची. लहानपणी मी त्यांना लांबून जेवताना बघायचे. त्या संध्याकाळी हॉलमधून परतताना माझ्या डोक्यात एक वाक्य सुरू झालं, आमच्या बागेत छाटणीला येणाऱ्यांची पोरगी माझ्या पेटीला… ते मी पूर्ण होऊ दिलं नाही. मी संघटनेची कार्यकर्ती आहे, मला असली वाक्यं परवडत नाहीत. पण ते सुरू झालं होतं, आणि अर्धं वाक्य पोटात राहिलं की कुठून तरी बाहेर पडतंच. माझ्या पोटातून ते पत्रक होऊन पडलं.

मथळा दिला, 'तारप्याला दिवे नकोत'. त्यात लिहिलं की डीजेच्या भिंती उभ्या करणाऱ्या बाजारू संस्कृतीचे दिवे आदिवासींच्या कलेवर लादणं हा तिचा अपमान आहे. तारपा हा माती, पीक आणि निसर्गाशी जोडलेला आहे, त्याला झगमगाटाची भीक नको. आज काठीखाली चकती लावाल, उद्या भोपळ्यावर जाहिरात लावाल. कलेचं बाजारीकरण थांबवा. मी हरसूल तोपर्यंत फक्त बसच्या पाटीवर वाचलं होतं. पत्रक एका बैठकीत लिहून झालं, एकही खाडाखोड नाही. खाली सही केली, 'कार्यकारिणीतील काही सदस्य'. काही म्हणजे एक.

झेरॉक्स काढून मी ते संघटनेतच वाटलं. आणि काय सांगू, लोकांनी ते वाचलं. उभं राहून वाचलं. पुन्हा वाचलं. वेल्डिंगवाल्या एका पोराने पेनाने रेघा मारल्या. कोणी घडी केली नाही. आमचे खजिनदार, जे माझी पत्रकं वाचायच्या आधीच 'छान, छान' म्हणतात, ते चष्मा काढून म्हणाले, "अगं, हा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. तू लिहिलेलं आजवरचं सगळ्यात भारी आहे हे."

"काही सदस्यांनी लिहिलंय," मी म्हणाले.

"हो, हो. काही सदस्यांनी," ते डोळा मारून म्हणाले.

संध्याकाळी खोलीवर आले तर ती भात निवायला ठेवून ते पत्रक वाचत होती. एकेका शब्दावर बोट ठेवून, मोठ्याने.

"ताई, बाजारीकरण म्हंजे काय?"

मी बूट काढत होते. "म्हणजे एखादी गोष्ट विकायला काढणं."

"मंग आपण दिवे विकणार होतो का?"

"तसं नाही. तो एक विचार असतो."

"हां." ती पुढे वाचायला लागली. "'काठीखाली चकती लावाल'." तिथे ती थांबली. "हे कोणी लिवलं?"

"कार्यकारिणीनं."

"कार्यकारिणीला लय बारीक ठाऊक हाय. काठी ठाऊक, चकती ठाऊक." तिने पत्रकाची घडी केली आणि भाताच्या पातेल्याखाली ठेवली, जमिनीला चटका बसू नये म्हणून. "जेवून घे, गार होतंय."

त्या क्षणी मी तिच्यावर जितकी चिडले होते तितकी मालकांवरही कधी चिडले नसेन. ती भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. तिने मला वाढलं.

कार्यकारिणीची बैठक झाली. खजिनदारांनी पत्रक मोठ्याने वाचलं. मावशी म्हणाल्या, मला एवढं कळत नाही, पण तुम्हा पोरांना बरोबर वाटत असेल तर हात वर करा. हात वर झाले. ती दाराशी चटईवर बसली होती. सभासद होती, कार्यकारिणीवर नव्हती. तिने एकच विचारलं.

"मंग कलापथकाच्या गाण्याला दिवे राहतील का?"

खजिनदार म्हणाले, "त्याला काय हरकत आहे? ते आपलंच गाणं आहे."

'आपलंच' हा शब्द तिथे असलेल्या एकालाही टोचला नाही. मला टोचला. मी शब्दांचंच काम करते, मला टोचणारच. तरी मी बोलले नाही, कारण माझी पेटी मला परत मिळाली होती.

मेळाव्याच्या दिवशी आमच्या गाण्यांना दिवे लागले. लाल, पिवळे, निळे. बायांनी माना वळवून बघितलं. मग दिवे बंद केले, हॉलच्या ट्यूबा लावल्या आणि तारपा झाला. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तारप्याला नवीन भोपळा बसवला होता, जुन्याचा आवाज बसला म्हणून. खाली उतरल्यावर ते सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"बाय, आमच्या वेळेला दिवे बिघडले का?"

मी काही बोलायच्या आत खजिनदार मध्ये आले. "नाही काका, मुद्दामच बंद ठेवले. तुमची कला शुद्ध राहावी म्हणून."

"शुद्ध?" काकांनी घाम पुसला. "आमच्याकडं लग्नात डीजे येतो, तवा मी दिव्याखालीच नाचतो की." मग पेटीकडे बघून म्हणाले, "पाड्यावर सांगून ठेवलं होतं मी. म्हणलं, पोरीनं असं काय केलंय, काठी पडली का भिंत पेटते. तुमच्या गाण्याला चाललं. आमच्याला का नाय?"

याचं उत्तर माझ्या पत्रकात चार परिच्छेदांत आहे. त्यातलं एकही वाक्य मला त्यांच्या तोंडावर बोलता आलं नाही. खजिनदारांनी ती सगळी बोलून दाखवली. काका मान डोलवत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बरं. बस चुकंल," आणि तारपा पिशवीत घालून गेले.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. भाषण जमत नाही हे सांगितलंच आहे. मी म्हणाले, "ते पत्रक मी एकटीने लिहिलं. आणि मी ते जळून लिहिलं. दिवे माझ्याकडून काढून तिच्याकडे दिले म्हणून लिहिलं. ते मागे घ्या."

कोणीतरी खोकलं. खजिनदारांनी चष्मा पुसला.

"हे बघ," ते म्हणाले, "तू कशामुळे लिहिलंस याच्याशी संघटनेला काय करायचंय? मुद्दा बरोबर आहे की नाही?"

"नाही. मला तारप्यातलं काही कळत नाही."

"तुला कळत नसेल. मांडलं मात्र चांगलं आहेस." दोघा-तिघांनी माना हलवल्या. "व्यक्तिगत भावना बाजूला ठेव. उलट मी म्हणतो, हे सुधारून परत छापू. बाहेरच्या संघटनाही मागताहेत."

माझी सगळी खरी पत्रकं गाड्यांच्या सीटा पुसत गेली, आणि जे एक खोटं लिहिलं ते मला माझ्याच हाताने मागे घेता येईना. मावशी नंतर जिन्यात भेटल्या. माझ्या पाठीवर थाप मारून एवढंच म्हणाल्या, "त्या पोरीशी बोललीस का? आधी तिथं जायचं होतंस, मग इथं."

गेले. ती कपडे वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, बैठकीत काय म्हणाले, खजिनदार काय म्हणाले, परत छापणार आहेत तेही. तिने ओढणी झटकली.

"मला ठाऊक होतं की. भाताखाली ठेवलं तवाच." मग बादली उचलत म्हणाली, "पाड्यावर भात कापून झाला का मी घरी चाललीय. पेटी नेऊ का?"

तो प्रश्न तिने पेटीच्या मालकिणीला विचारला, हे मला कळलं. 'ने' म्हणायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिने अख्खी बादली वाळत घातली असेल.

"ने," मी म्हणाले.

"तू बी चल. तिथं फळ्या नायत, मातीचं अंगण हाय. चकती काठीलाच बांधावी लागंल. मागं मागं वायर धरून फिरायला कुणीतरी पायजे."

म्हणजे पुन्हा मदतीलाच. गेले.

त्र्यंबकवरून बस डोंगरात वळली की मला मळमळायला लागतं. ती मांडीवर पेटी घेऊन शांत बसली होती. पाड्यावर पोचलो तर अंगण सारवून ठेवलेलं, कडेला भाताच्या पेंढ्यांची रास, आणि काका नेहमीच्या मळक्या बनियनवर. मला बघून ते म्हणाले, "ही आली का शुद्धवाली?" आणि घरातून पाण्याचा तांब्या मागवला. ते हसत होते. मी हसू शकले नाही. हे माझं नेहमीचं आहे, लोक माफ करतात तेव्हाही मला ते टोमणाच वाटतो.

दिवेलागणीला नाच सुरू झाला. तिने चकती काठीच्या बुडाशी बांधून वर रबराची पट्टी गुंडाळली होती, आणि माझे पाइप कुडाच्या भिंतीला टेकवून उभे केले होते. वायर बारीक, लांबलचक. रांग सरळ चालत नाही. काका मध्ये, त्यांच्याभोवती पुढचा माणूस काठी आपटत वळत जातो आणि रांग आत आत गुंडाळली जाते, मग तशीच उलगडत बाहेर येते. मला त्याच्या मागे वायर उचलून धरून चालायचं होतं. कोणाच्या पायात येऊ द्यायची नाही, ताणू द्यायची नाही. मी दोनदा चुकीच्या बाजूने वळले. रांगेतल्या बायका एकमेकींच्या कमरेत हात घातलेल्या, त्यांनी मला ढुशी देऊन बाजूला केलं आणि कोणीतरी म्हणालं, "हिला बी धरा रं, नायतर पडंल." काठी पडायची आणि कुडाची भिंत लाल व्हायची. पोरं तिच्यावर स्वतःच्या सावल्या टाकत होती. पावलांचा ठेका मातीत येत नव्हता, पिवळा दिवा बहुतेक वेळ मेलेलाच होता. हे माझ्या लक्षात आलं आणि मला बरं वाटलं, हे लिहून टाकते.

ती पेटीपाशी उकिडवी बसली होती, बटणावर हात ठेवून, आणि दिव्यांकडे बघतही नव्हती. काठीकडे बघत होती.

तारप्याची चाल बदलताना काका जरा थांबले. काठीवाला मात्र जागच्या जागी ठोका देत राहिला, म्हणजे नाच मोडला नाही. पेंढ्यांजवळ बसलेली एक म्हातारी माझ्या हातातल्या वायरीकडे बघत होती. तिने त्या वायरीवरून नजर पेटीपर्यंत नेली, पाइपांपर्यंत नेली आणि परत माझ्यापर्यंत आणली. शहरातली पोरगी, पायात बूट, हातात वायर.

"तू केलं का गं हे दिवं?"

बाजूच्या दोघी-तिघी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. काठीचे तीन-चार ठोके पडले. तेवढा वेळ मी काहीच बोलले नाही, आणि तेवढा वेळ ते दिवे माझे होते. मला तो वेळ आणखी हवा होता.

"मी नाही," मी म्हणाले. "हिने केलेत. मी वायर धरलीय."

"हां," म्हातारी म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून पेटीपाशी बसलेल्या तिच्याकडे बघायला लागली. त्या दोघी-तिघीही वळल्या. ते मला आवडलं नाही. काकांनी नळी तोंडाला लावली, काठीवाल्याने पाऊल उचललं, माझ्या मुठीतून वायर सरकायला लागली आणि मी त्याच्या मागे चालायला लागले.